पर्यावरण अभ्यास आणि क्षेत्रकार्य : कारम नदीच्या उदाहरणाने

प्रस्तावना :
एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्यासंबंधी निर्देश दिले. त्यातूनच पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. कला व वाणिज्य शाखांचे अध्यापकही हा विषय शिकवू लागले. या विषयात क्षेत्रकार्याचे स्थान काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप :
पर्यावरणशास्त्र ही स्वतंत्र पदवीची विज्ञानशाखा आहे, तर पर्यावरण अभ्यास हा सर्वांसाठीचा विषय आहे. आयोगाच्या त्या मूळ आराखड्यात ८ घटक व ५० तासिका होत्या. पैकी ४५ तासिका वर्गासाठी व ५ क्षेत्रकार्यासाठी होत्या. गुण मात्र १०० पैकी २५ क्षेत्रकार्यास होते. तासिका थोड्या व गुण अधिक असले की तयार अहवाल उतरवून काढण्याचा मोह होतो. तसे झाले तर विषयाचा गाभाच हरवतो.

धामनोद परिसरातील उदाहरण :
धामनोद हे धार जिल्ह्यातील आग्रा-मुंबई महामार्गावरील नगर होय. याच परिसरात नर्मदेच्या कारम या उपनदीवर कोठीदा येथे मातीचे धरण बांधले जात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अपूर्ण धरणात पाणी साठले आणि भिंतीतून गळती सुरू झाली. धारमधील १२ व खरगोनमधील ६ अशी १८ गावे रिकामी करावी लागली. अखेर बाजूने चर खोदून १४ ऑगस्टला पाणी सोडण्यात आले.

मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपतेच. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर भिंतीची माती जागेवर आहे असे सामान्यतः समजतात. ते गढूळ झाले की मातीचे कण वाहून जात आहेत, आत पोकळी वाढत आहे, हे ओळखावे. ही खूण नदीकाठच्या विद्यार्थ्याला ठाऊक असणे म्हणजे गावाला वेळेवर सावध करता येणे होय.

अध्यापकांसाठी दिशा :
या एका घटनेवर सर्व शाखांचे विद्यार्थी काम करू शकतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी माती व पाण्याचे नमुने तपासावेत. वाणिज्य शाखेने पीक व गुरांच्या नुकसानीचा हिशेब मांडावा. कला शाखेने घर सोडून गेलेल्या कुटुंबांचे अनुभव नोंदवावेत. लोक निमाडी किंवा भिलीत बोलले तर त्यांचे शब्द तसेच टिपून घ्यावेत, अर्थ नंतर द्यावा.

समारोप :
पुस्तकातील व्याख्या परीक्षेपुरती लक्षात राहते. आपल्या नदीचे पाणी कधी व का गढूळ होते, हे स्वतः पाहिलेला विद्यार्थी ते विसरत नाही. न्यायालयाने विषय अनिवार्य केला, परंतु त्याला उपयुक्त करण्याचे काम अध्यापकाचेच आहे.