गाडी तीच, गट नवा : ऑटोक्रॉसच्या नियमबदलाचा हौशी ड्रायव्हरला काय फटका बसतो?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ते वरच्या बँटमवेट गटात खेळले आणि कांस्यपदक घेऊन परतले. पैलवानाला असा गट बदलता येतो. खुराक वाढवला, घाम गाळला, वजन वर-खाली केले की झाले.

गाडीचे तसे नाही. ती कोणत्या गटात पळणार हे मालक ठरवत नाही, नियमपुस्तक ठरवते. आज एका गटात जिंकणारी गाडी उद्या दुसऱ्या गटात टाकली, तर तीच गाडी आणि तोच ड्रायव्हर थेट शेवटच्या नंबरात जाऊ शकतात. मोठ्या कंपनीच्या संघाला याची फारशी झळ बसत नाही. पगारातून पैसे बाजूला काढून सुट्टीच्या दिवशी स्पर्धेला जाणाऱ्याला मात्र चांगलीच बसते. अमेरिकेतल्या ऑटोक्रॉसमध्ये हा वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या आणि गाड्यांचा नाद असलेल्या मराठी तरुणांना हा खेळ नवा नाही. आपल्याकडेही गाड्यांचे गट पाडूनच स्पर्धा होतात, त्यामुळे तिथला अनुभव इथेही समजून घेण्यासारखा आहे.

खेळ नेमका काय?

मोठे पार्किंग किंवा जुन्या विमानतळाची धावपट्टी घ्यायची, त्यावर केशरी कोन मांडून नागमोडी वाट तयार करायची आणि एका वेळी एकच गाडी सोडायची, हा झाला ऑटोक्रॉस. सामना दुसऱ्या गाडीशी नसून घड्याळाशी असतो. एक फेरी साधारण मिनिटभराची. कोन पाडला की वेळेत दोन सेकंद वाढतात, वाट चुकली की फेरी बाद. वेग हायवेवरच्या वेगाच्या फार पुढे जात नाही. त्यामुळे रोज ऑफिसला नेतो तीच गाडी घेऊनही माणूस उतरू शकतो. एकाच गाडीवर नवरा-बायको किंवा दोन मित्र आळीपाळीने भाग घेतात आणि खर्च वाटून घेतात.

अमेरिकेत हा खेळ प्रामुख्याने १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका चालवतो. ‘सोलो’ नावाने त्याची राष्ट्रीय स्पर्धा १९७३ पासून होते. २००९ पासून ती नेब्रास्का राज्यातल्या लिंकन इथे भरू लागली. हजाराहून जास्त स्पर्धक तिथे येतात. प्रत्येकाला दोन दिवसांत दोन वेगवेगळ्या वाटांवर तीन-तीन फेऱ्या मिळतात आणि दोन्हीकडच्या सर्वोत्तम वेळांची बेरीज धरली जाते. विजेता आणि उपविजेता यांच्यात कित्येकदा सेकंदाच्या काही शतांश भागांचाच फरक असतो. म्हणूनच गाडी कोणत्या गटात आहे याला एवढे महत्त्व येते.

गट कसे पडतात?

गट ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, गाडी मुळात किती चपळ आहे. दुसरी, मालकाने तिच्यात किती बदल केले आहेत.

सर्वात कमी बदलांचा विभाग म्हणजे ‘स्ट्रीट’. यात टायर, ब्रेक पॅड आणि शॉकअप बदलता येतात. पुढचा किंवा मागचा, असा एकच अँटी-रोल बार बदलता येतो. चाकाचा व्यास एक इंच कमी-जास्त चालतो, पण रुंदी कंपनीने दिली तेवढीच ठेवावी लागते. स्प्रिंगला हात लावायचा नाही. कुणी हौसेने गाडी थोडी खाली बसवायला दुसऱ्या स्प्रिंग टाकल्या, की गाडी या विभागातून बाहेर. मग ‘स्ट्रीट टूरिंग’सारख्या पुढच्या विभागात जावे लागते. तिथे बाकीच्यांनी आणखी बरेच बदल केलेले असतात. त्यापुढे ‘प्रिपेअर्ड’ आणि ‘मॉडिफाइड’पर्यंत ही चढण जाते.

प्रत्येक विभागात पुन्हा उपगट आहेत. स्ट्रीटमध्ये सुपर, मग ए, बी, सी असे करत एचपर्यंत. वर महागड्या स्पोर्ट्स कार, खाली साध्या हॅचबॅक. कोणती गाडी कुठे, याची यादीच नियमपुस्तकात छापलेली असते.

मग बदल कशाला हवेत?

कारण बाजार थांबत नाही. दर वर्षी नव्या गाड्या येतात आणि आधीच्यांपेक्षा जास्त वेगवान असतात. होंडाची एस २००० नवी होती तेव्हा तिला वरच्या गटात जागा मिळाली. पुढे तिच्याहून वेगवान गाड्या आल्या, तशी ती टप्प्याटप्प्याने खालच्या गटांत सरकली. तसे केले नसते तर ती गाडी असलेल्या कुणाला स्पर्धेत येण्यात अर्थच उरला नसता.

पण अशी गाडी खाली येते तेव्हा त्या खालच्या गटात आधीपासून कुणीतरी असतोच. समजा एकाने दोन वर्षे पैसे साठवून सी गटात सर्वात चांगली ठरणारी गाडी घेतली. शॉकअप नवे टाकले, अलाइनमेंट नीट बसवून घेतली, टायरचा नवा संच आणला. जानेवारीत बी गटातली एक वेगवान गाडी सी गटात आली. त्याच्या गाडीत काहीही बिघडलेले नाही, तोही पहिल्याइतकाच चांगला चालवतो. पण गटात आता त्याची गाडी सर्वात चांगली राहिलेली नाही. पुढे राहायचे तर गाडी विकून दुसरी घ्यायची, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरात समाधान मानायचे. गट बदलला की जुन्या गाडीची विकताना किंमतही घसरते, कारण तिचे मुख्य गिऱ्हाईक दुसरे स्पर्धकच असतात.

२०१४ चा टायरचा धडा

सर्वात मोठा बदल झाला तो २०१४ साली. तोपर्यंत ‘स्टॉक’ नावाच्या विभागात रेसिंगचे खास चिकट टायर चालत. नावात स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच गाडी. पण जिंकायचे तर हे टायर हवेतच. ते काही मोजक्या फेऱ्यांत उतरतात आणि रोजच्या रस्त्यावर वापरता येत नाहीत. म्हणजे स्पर्धेसाठी चाकांचा वेगळा संच ठेवा, तो गाडीत कोंबून किंवा ट्रेलरवर टाकून न्या आणि मैदानावर बदला. नव्या माणसाला हे परवडत नव्हते.

क्लबने विभागाचे नाव बदलून ‘स्ट्रीट’ केले आणि रस्त्यावरचेच टायर सक्तीचे केले. त्यासाठी ‘ट्रेडवेअर’ या आकड्याची किमान मर्यादा घातली. आधी १४० आणि मग २००. हा आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. सरकारी चाचणीतल्या प्रमाण टायरला १०० धरले, तर २०० चा टायर त्याच्या दुप्पट टिकायला हवा, असा त्याचा अर्थ.

नव्या लोकांना यात फायदा झाला. ज्यांनी जुन्या नियमाप्रमाणे पैसे घातले होते त्यांचे मात्र नुकसान झाले. रेसिंग टायरला अनुसरून बसवलेले महागडे शॉकअप नव्या टायरवर तसेच चालेनात. जादा चाके आणि शिल्लक टायर अडगळीत गेले. ‘आधीपासून आहे म्हणून सूट’ असे काही नव्हते. नवा नियम सगळ्यांना सारखा.

रेषा ओढली की सगळे रेषेला चिकटतात

पुढची गंमत आपल्याकडच्या गाडीवाल्यांना लगेच कळेल. भारतात २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लहान गाड्यांना करात सवलत मिळाली आणि कंपन्यांनी गाड्यांची लांबी चार मीटरच्या आत आणली. मारुतीच्या स्विफ्ट डिझायरची डिकी २०१२ साली आखूड झाली ती त्यामुळेच. नियम लांबीचा होता आणि त्यातून गाडीचा आकारच बदलला.

टायरचेही तसेच झाले. मर्यादा २०० ची म्हटल्यावर टायर कंपन्यांनी बरोबर २०० आकड्याचे, पण जमतील तेवढे चिकट टायर आणले. ब्रिजस्टोनचा आरई-७१आर आणि योकोहामाचा ए०५२ ही त्यातली गाजलेली नावे. ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते, त्यामुळे दोन २०० आकड्यांच्या टायरांमध्येही पकडीचा बराच फरक पडतो. हौशी स्पर्धकाचा खर्च काही काळ कमी झाला आणि मग हळूहळू पुन्हा चढला. आकारानुसार अशा चार टायरांना अमेरिकेत हजार डॉलरच्या आसपास पडतात. जो मनापासून खेळतो त्याला तो संच वर्षभरही पुरेलच असे नाही.

गट न बदलताही फटका

स्थानिक क्लबमध्ये एका गटात कधी तीनच गाड्या असतात, कधी एकच. मग वेगवेगळ्या गटांची तुलना करायला ‘पॅक्स’ नावाचा निर्देशांक वापरतात. प्रत्येक गटाला एक आकडा दिलेला असतो. सर्वात वेगवान ए मॉडिफाइड गटाला १.०००, बाकीच्यांना त्याहून कमी. फेरीच्या वेळेला त्या आकड्याने गुणायचे आणि मग सगळ्यांची क्रमवारी लावायची.

समजा एखाद्याच्या गटाचा आकडा ०.८०० आहे आणि त्याने ४८ सेकंदांत फेरी केली. हिशोबात त्याची वेळ ३८.४०० सेकंद झाली. पुढच्या वर्षी त्याच गटात वेगवान गाडी आली, तिने मोठ्या स्पर्धांत चांगल्या वेळा दिल्या आणि आकडा ०.८०६ झाला. आता त्याच ४८ सेकंदांचे ३८.६८८ होतात. पाव सेकंदाहून जास्त फरक पडला. या खेळात तेवढ्यात चार-पाच नंबर खाली जायला होते. त्याच्या गाडीबद्दल नियमपुस्तकातली एक ओळही बदललेली नसते, तरीही तो मागे पडतो.

निर्णय कोण घेतो?

नियम ठरवणारे सोलो इव्हेंट्स बोर्ड आणि त्याच्या सल्लागार समित्या स्वयंसेवकांच्या आहेत. प्रस्ताव क्लबच्या ‘फास्टट्रॅक’ या मासिक पत्रकात छापला जातो, सभासद पत्रे लिहून मत कळवतात आणि बहुतेक बदल १ जानेवारीपासून लागू होतात. बाजारात नव्याने आलेल्या गाडीचा अंदाज चुकला, तर तिला लवकर हलवण्याची सोय वेगळी ठेवलेली आहे.

पद्धत खुली आहे, तरी तिच्यात अडचणी आहेत. पत्रे कोण लिहितात? जे आधीपासून मुरलेले आहेत ते. पहिल्यांदाच गाडी घेऊन मैदानावर येणाऱ्याला असे पत्रक निघते हेही ठाऊक नसते. शिवाय बोर्डावरचे लोक स्वतः स्पर्धक असतात, म्हणून ‘आपल्या गाडीला सोयीचा नियम केला’ अशी कुजबुज होते. दुसऱ्या बाजूने बोर्डाचीही कोंडी असते. नियम वारंवार बदलले तर लोक कंटाळून जातात. बदललेच नाहीत तर एका गटात एकच गाडी जिंकत राहते आणि बाकीचे यायचे थांबतात.

यावर एक तोडगा म्हणून फक्त एकाच प्रकारच्या गाडीचा गट काढला गेला. टोयोटा आणि सुबारूने मिळून बनवलेल्या जुळ्या कूपे गाड्यांसाठी ‘सोलो स्पेक कूपे’ असा गट आहे. टायर ठरलेला, सस्पेंशनचे किट ठरलेले. दुसऱ्या कुठल्या गाडीमुळे इथे कुणी मागे पडत नाही. पण ज्याच्याकडे ती गाडी नाही त्याला त्यात जागाही नाही.

आपल्याकडे काय?

भारतात मोटरस्पोर्टचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया करते. इथले ऑटोक्रॉस बहुतेक मातीच्या मैदानावर होते आणि गट मुख्यतः इंजिनच्या सीसीवर पाडतात. त्यातला अवघड प्रश्न टर्बोचा. नवीन हॅचबॅकमध्ये ९९८ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन येते. कागदावर ते जुन्या एक लिटरच्या गाडीच्या बरोबरीचे, पण ताकद कितीतरी जास्त. जागतिक नियमांत यासाठी टर्बो पेट्रोल इंजिनची सीसी १.७ ने गुणण्याची पद्धत रूढ आहे. तसे केले तर ९९८ चे जवळपास १,६९७ सीसी होतात आणि ती गाडी दीड लिटरच्या साध्या इंजिनाच्याही वरच्या गटात जाते. गुणक लावला तर टर्बोवाला नाराज, नाही लावला तर जुनी अल्टो किंवा वॅगनआर घेऊन येणारा नाराज.

उतरण्याआधी काय पाहावे?

पहिली गोष्ट, गाडी घेण्याआधी तिचा गट पाहावा आणि कोणताही पार्ट टाकण्याआधी त्याने गट बदलतो का ते तपासावे. गॅरेजवाल्याला स्पर्धेचे नियम माहीत असतीलच असे नाही. चुकीच्या गटात उतरल्यावर कुणी हरकत घेतली, तर निकाल रद्द होऊ शकतो आणि ‘मला माहीत नव्हते’ हे कारण चालत नाही.

दुसरी, फक्त गटात पहिली येते म्हणून गाडी घेऊ नये. ती जागा एका परिपत्रकाने जाऊ शकते. चालवायला आवडणारी आणि रोजच्या वापरालाही चालणारी गाडी असेल, तर गट बदलला तरी पैसे वाया जात नाहीत.

तिसरी, प्रस्ताव आला की मत कळवावे, मग स्पर्धेचे पहिलेच वर्ष असले तरी. नियम करणाऱ्यांपर्यंत जुन्याजाणत्यांचाच आवाज पोहोचत राहिला, तर जुनी हॅचबॅक घेऊन रविवारी मैदानावर आलेल्या मुलाचा विचार कुणी करणार नाही. आणि तो मुलगा पुढच्या रविवारी आला नाही, तर गट कितीही बारकाईने पाडले तरी त्यात पळायला गाड्या कमीच पडतील.