अवघ्या एका गुणाचा खेळ!

२९-३३, २८-२५, २८-३१... हे मटक्याचे आकडे नाहीत. पुण्याच्या एका कबड्डी संघानं तीन वर्षांत खेळलेल्या तीन अंतिम सामन्यांचे हे निकाल आहेत. संघाचं नाव पुणेरी पलटण. या तीन सामन्यांची बेरीज करून बघा. १२० मिनिटांच्या खेळात पलटणीनं मिळवले ८५ गुण आणि समोरच्यांनी मिळवले ८९. फरक चारच गुणांचा! पण पदरात पडला एकच करंडक. उरलेल्या दोन वेळा पलटणीचे खेळाडू मॅटवर बसून दुसऱ्यांचा जल्लोष बघत होते.

घराघरात टीव्हीपुढे बसून प्रो कबड्डी बघणाऱ्या आया-बहिणींना, आजोबांना आता हा खेळ समजावून सांगायची गरज राहिलेली नाही. सासूबाई आणि सूनबाई एकाच सोफ्यावर बसून 'अगं पाय धर त्याचा!' म्हणून ओरडताना दिसतात. तरीही ज्यांच्या मनात कबड्डी म्हणजे शाळेच्या मागच्या मैदानातली धूळ आणि फाटलेले गुडघे एवढंच आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. चाळीस मिनिटांचा सामना, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. दोन्हीकडे सात-सात गडी. चढाई करणाऱ्याला तीस सेकंदांचा वेळ. समोरच्या सातही जणांना बाद केलं की 'लोण' चढतो आणि दोन गुण जादा मिळतात. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना चढाईपटूला धरलं, तर ती 'अव्वल पकड', म्हणजे एका गुणाऐवजी दोन. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवायचाच, नाहीतर बाहेर जायचं.

ही शेवटची अट फार चतुर आहे. पूर्वी आघाडीवर असलेला संघ उरलेला वेळ मध्यरेषेजवळ रेंगाळून, दम घुमवत काढायचा आणि प्रेक्षक जांभया द्यायचे. आता ती सोय राहिली नाही. म्हणूनच पाच मिनिटं उरली असताना सहा गुणांची आघाडी असली, तरी कोणीही निर्धास्त नसतो. एक लोण आणि एक अव्वल पकड, की सगळा हिशेब उलटा!

तळातून वर

पुणेरी पलटण ही काही पहिल्यापासून नावाजलेली टीम नव्हे. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा आठ संघांत पलटण तळाला होती. २०१५ मध्येही तीच गत. त्या वर्षी शेजारची यू मुंबा बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून विजेती ठरली आणि पुणेकरांना मुंबईकरांचे टोमणे ऐकून घ्यावे लागले. (पुणेकर टोमणे ऐकून घेतो, ही घटनाच दुर्मीळ म्हणायला हवी!) २०१६ च्या दोन्ही हंगामांत पलटणीनं उपांत्य फेरी गाठली, पण अंतिम सामना मात्र २०२२ पर्यंत हुलकावणी देत राहिला.

२०२२ च्या हंगामाची सुरुवातच मोठी सूचक होती. पाटणा पायरेट्सविरुद्धचा पहिलाच सामना ३४-३४ असा बरोबरीत सुटला. तिथून सावरत पलटण साखळीअखेर दुसऱ्या क्रमांकावर पोचली. जयपूर पिंक पँथर्सचे ८२ गुण, पलटणीचे ८०. उपांत्य सामन्यात तमिळ थलाइवाजवर ३९-३७ असा, म्हणजे दोनच गुणांनी विजय मिळाला. त्या दिवशी पंकज मोहितेनं एकट्यानं १६ गुण काढले. आणि मग १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत वरळीला अंतिम सामना झाला. जयपूरनं तो ३३-२९ असा जिंकला. पुणेकरांची पलटण मुंबईत येऊन हरली. कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली. या माणसाचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी साखळीत विजयाला पाच गुण, बरोबरीला तीन आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्या संघालाही एक गुण मिळायचा. म्हणजे हरणंसुद्धा नीट हरावं लागायचं! सामना हातचा गेला हे दिसत असतानाही आठाचा फरक सातावर आणण्यासाठी खेळाडू शेवटच्या चढाईत जीव तोडून झेप घ्यायचे. प्रेक्षकांना वाटायचं, आता काय उपयोग? पण पलटण आणि जयपूर यांच्यातलं अंतर दोनच गुणांचं होतं, हे आठवलं की त्या झेपेची किंमत कळते.

हांगचौमधला तो एक तास

पलटणीची गोष्ट सांगताना मधेच चीनमध्ये जावं लागतं. ७ ऑक्टोबर २०२३. हांगचौ आशियाई स्पर्धेत एकाच दिवशी कबड्डीचे दोन अंतिम सामने झाले. आधी आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असं एका गुणानं हरवून सुवर्णपदक घेतलं. त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. मग पुरुषांचा सामना इराणशी. शेवटचं दीड-एक मिनिट उरलेलं आणि गुणफलक २८-२८! भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला, कोणाला स्पर्श न करताच बाजूच्या राखीव पट्ट्यात शिरला आणि त्याला अडवायला इराणचे गडीही मागोमाग बाहेर गेले. आता गुण कोणाला आणि किती? जुना नियम एक सांगतो, नवा नियम दुसरं. पंच एकदा असा निर्णय देतात, एकदा तसा. खेळाडू मॅटवर ठाण मांडून बसले. तासभर खेळ थांबला. अखेर ३३-२९ असा भारताचा विजय जाहीर झाला.

आपण सुवर्ण जिंकलं याचा आनंद आहेच. पण अंतिम सामना आणि नियम कोणता लागू हेच पंचांना ठरवता येऊ नये, ही गोष्ट या खेळाला ऑलिंपिकमध्ये न्यायची स्वप्नं बघणाऱ्यांना शोभणारी नव्हती, हेही स्पष्ट म्हणायला हवं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या खेळांचं प्रदर्शन घडवलं, बुवा साळवींनी आयुष्य वेचून हा खेळ देशाबाहेर नेला आणि १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली. एवढ्या लांबच्या वाटचालीनंतर एका पट्ट्यावरून तासभर वाद!

त्या भारतीय संघात नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे होते. समोर इराणकडून अत्राचली आणि उंचापुरा, धिप्पाड मोहम्मदरझा शादलुई. दोनच महिन्यांनी काय झालं बघा! डिसेंबर २०२३ मध्ये प्रो कबड्डीचा दहावा हंगाम सुरू झाला, तेव्हा पलटणीनं शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपये मोजून घेतलेलं होतं. कर्णधार होता अस्लम. हांगचौमध्ये एकमेकांच्या नावानं ओरडणारे दोघं आता एकाच ड्रेसिंग रूममध्ये!

तो हंगाम म्हणजे पलटणीचं सोन्याचं पान. २२ सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी आणि पराभव फक्त दोन. शादलुईनं पकडींचे ९९ गुण मिळवून हंगामातला सर्वोत्तम बचावपटू होण्याचा मान घेतला. अस्लम हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. उपांत्य सामना ३७-२१ असा सहज खिशात घातला. एवढा दबदबा असलेल्या संघानं अंतिम सामना तरी आरामात जिंकावा की नाही? छे! १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सनी अखेरपर्यंत दमवलं. पहिल्या डावात पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार गडी टिपले, तीच पुंजी शेवटी कामाला आली. २८-२५. तीन गुणांनी का होईना, पण दहाव्या हंगामात पुण्याला पहिला करंडक मिळाला. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या संयमाचं त्यात मोठं श्रेय होतं.

रामनगरची लीला आणि मॅटवरची लीला

काशीला जाणारे मराठी यात्रेकरू घाटावरून पलीकडच्या काठाचा रामनगरचा किल्ला बघतात. तिथली रामलीला महिनाभर चालते. एका मंचावर नव्हे. आज अयोध्या इथं, उद्या जनकपूर तिथं, लंका आणखी दूर, आणि हजारो माणसं लीलेच्या मागोमाग गावभर चालत राहतात. रावण मरणार हे प्रत्येकाला पाठ असतं, तरी कोणी चुकवत नाही. प्रो कबड्डीचा तंबूही असाच शहरा-शहरांतून हिंडतो. फरक एवढाच, की इथं रावण कोण आणि राम कोण हे शेवटच्या चढाईपर्यंत ठरत नाही. रामनगर-बनारसच्या बाजूची मंडळी साहजिकच यूपी योद्धाच्या बाजूची. २०२२ च्या सुरुवातीला बाद फेरीत याच योद्धांनी पलटणीला ४२-३१ असं घरी पाठवलं होतं. तो पराभव मात्र निसटता नव्हता. चांगला अकरा गुणांचा होता, त्यामुळे पुण्यात त्याचं दुःखही लवकर संपलं. माणसाला सलतो तो एका-दोन गुणांचा पराभव.

करंडक जिंकल्यानंतरचं वर्ष पलटणीला फार वाईट गेलं. २०२४ च्या हंगामात अस्लमचा गुडघा दुखावला आणि तो हंगामातून बाहेर पडला. शादलुई तर आधीच लिलावात हरियाणाकडे गेला होता. पलटण बाद फेरीतही पोचली नाही. त्यातून दैवाची गंमत अशी, की त्या वर्षीचा अंतिम सामना पुण्यातच, बालेवाडीला होता! २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणानं पाटण्याला ३२-२३ असं हरवलं. पुण्याच्या मॅटवर करंडक उंचावला तो शादलुईनं, पण दुसऱ्याच रंगाच्या जर्सीत.

बरोबरी नको म्हटल्यावर...

२०२५ मध्ये नियम बदलले. विजयाला दोन गुण, पराभवाला शून्य. निसटत्या पराभवाचा दिलासा गेला आणि बरोबरीही गेली. गुण सारखे झाले, तर पाच-पाच चढायांचा जादा डाव. वेगवेगळ्या पाच खेळाडूंनी चढाई करायची, कोणी बाद होऊन बाहेर जायचं नाही, फक्त गुण मोजायचे. हा प्रकार मला स्वतःला थोडा निर्दयी वाटतो. चाळीस मिनिटं दोघं तुल्यबळ ठरले, तर तसं म्हणायला काय हरकत आहे? पण टीव्हीला निकाल लागतो.

योगायोग असा, की साखळीतला हा पहिला जादा डाव पलटणीच्याच वाट्याला आला. २९ ऑगस्ट २०२५ रोजी विशाखापट्टणमला बंगळुरूशी ३२-३२ अशी बरोबरी झाली आणि जादा डावात पलटणीनं ६-४ अशी बाजी मारली. नवे प्रशिक्षक अजय ठाकूर आणि परतलेला अस्लम यांनी संघाची घडी पुन्हा बसवली. साखळी संपली तेव्हा पलटण आणि दबंग दिल्ली दोघांचेही २६ गुण होते. गुणफरकाच्या जोरावर पलटण पहिली.

मग क्वालिफायरमध्ये हेच दोन संघ समोरासमोर आले. ३४-३४! पुन्हा पाच-पाच चढाया. ऑगस्टमध्ये ज्या ६-४ नं पलटण जिंकली होती, त्याच ६-४ नं या वेळी हरली. दिल्ली थेट अंतिम फेरीत गेली. पलटणीला आणखी एक सामना खेळून, तेलुगू टायटन्सला ५०-४५ असं हरवून मागच्या दारानं यावं लागलं. थकलेले पाय घेऊनच ते ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये उतरले. दिल्लीचंच घर, दिल्लीचेच प्रेक्षक.

मध्यंतराला दिल्ली पुढे होती. दुसऱ्या डावात तरुण आदित्य शिंदेनं एकेक गुण वेचत फरक कमी करत आणला. अखेरच्या मिनिटांत गुणफलक असा जवळ आला होता, की एका चढाईत सारं फिरलं असतं. आदित्य पुन्हा चढाईला गेला. समोर कोपऱ्यात उभा होता फझल अत्राचली! २०२२ मध्ये पलटणीचा कर्णधार असलेला, वरळीत पराभव सोसलेला तोच इराणी पहिलवान. आता दिल्लीच्या जर्सीत. त्यानं आदित्यला धरलं. ३१-२८.

दिल्लीचे प्रशिक्षक जोगिंदर नरवाल यांनी २०२२ च्या फेब्रुवारीत कर्णधार म्हणून हाच करंडक जिंकला होता. त्या वेळचा निकाल होता ३७-३६.