मांजर स्टेशनमास्तर आणि हजार येनची वर्गणी

आज आपण जरा लांब जाणार आहोत, थेट जपानला. तिथल्या एका छोट्या गावात एक रेल्वे स्टेशन आहे. त्या स्टेशनची मास्तरीण एक मांजर होती. आमच्या बैठकीत ही गोष्ट निघाली तेव्हा सगळ्या हसल्या. "मांजर काय तिकिटं फाडणार?" असं एका आजीनं विचारलं. पण सगळी हकीकत ऐकल्यावर आमच्या लक्षात आलं, की यात मांजराइतकीच गावाचीही गोष्ट आहे. म्हणून आज ती तुमच्यासाठी आणली आहे.

जपानमध्ये वाकायामा नावाचा एक प्रांत आहे. हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही. या प्रांताचा आणि आपल्या महाराष्ट्राचा 2013 साली सहकार्याचा करार झाला. तिथल्या कोयासान विद्यापीठात 2015 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरणही झालं. याच प्रांतात वाकायामा शहरातून एक छोटी रेल्वे निघते. तिला किशीगावा मार्ग म्हणतात. लांबी फक्त 14.3 किलोमीटर, स्टेशनं 14. अर्ध्या तासात गाडी शेवटच्या स्टेशनला पोचते. ते शेवटचं स्टेशन म्हणजे किशी. एकच रूळ, एकच फलाट. आजूबाजूला शेती. हा भाग स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आहे.

ही रेल्वे 1916 साली सुरू झाली. या वाटेवर तीन जुनी देवस्थानं आहेत. तिथं दर्शनाला जाणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून ती घातली गेली. 1933 साली रूळ किशीपर्यंत आले. पुढे 1961 साली हा मार्ग नानकाई नावाच्या मोठ्या रेल्वे कंपनीकडे गेला. जपानमध्ये बऱ्याच रेल्वे अशा खाजगी कंपन्या चालवतात.

मग घरोघरी मोटारी आल्या. गावातली तरुण मंडळी शहरात गेली. डबे रिकामे धावू लागले. कंपनीला या एका मार्गावर वर्षाला सुमारे 50 कोटी येनचा तोटा होऊ लागला. अखेर 2004 साली कंपनीनं जाहीर केलं, की आम्ही ही रेल्वे सोडणार.

आता विचार करा, रेल्वे बंद झाली तर अडणार कोणाचं? मोटार असलेल्याचं अडत नाही. अडतं ते शाळेत जाणाऱ्या पोरांचं आणि दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं. ज्यांना गाडी चालवता येत नाही, त्यांचं सगळंच थांबतं. शाळा दूर पडली की घरं उठून शहरात जातात, आणि मग गावच रिकामं होतं.

तेव्हा गावकरी एकत्र आले. त्यांनी एक मंडळ काढलं. मंडळाच्या नावाचा अर्थ होतो, किशीगावा मार्गाचं भविष्य घडवणारे. 'वाचवणारे' असं नाही, 'घडवणारे'. सभासदाची वर्गणी ठेवली वर्षाला 1000 येन. आजच्या हिशेबानं आपले पाच-सहाशे रुपये. बघता बघता सहा हजारांवर सभासद झाले.

मैत्रिणींनो, या वर्गणीनं 50 कोटींचा तोटा भरून निघणार नव्हता. हे त्यांनाही ठाऊक होतं. मग वर्गणी कशाला? कारण सहा हजार माणसं पदरचे पैसे घालून मागे उभी राहिली, की नगरपालिकेला आणि प्रांताच्या सरकारला कानाडोळा करता येत नाही. आपण बचत गटात आहोत, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. गटाच्या वहीतली रक्कम छोटी असते, पण त्या वहीत नावं किती आहेत हे बँकेचा साहेबही बघतो. आणि या मंडळानं नुसती निवेदनं दिली नाहीत. लोकांनी स्टेशनं झाडली, फुलझाडं लावली, कार्यक्रम ठेवले. एकमेकांना सांगितलं, या गाडीनं प्रवास करा, तरच ती राहील.

मग तोडगा निघाला. रुळांखालची जमीन प्रांताच्या पैशानं स्थानिक पालिकांनी घेतली आणि रेल्वेला वापरायला दिली. दहा वर्षांत मिळून 82 कोटी येनपर्यंत तोटा पालिका सोसतील असं ठरलं. रेल्वे चालवायला ओकायामा शहरातली एक ट्राम कंपनी पुढे आली. तिनं वाकायामा इलेक्ट्रिक रेल्वे ही नवी कंपनी काढली आणि 1 एप्रिल 2006 पासून गाडी नव्या हातात धावू लागली.

आता येते मांजर. खर्च कमी करायचा म्हणून किशी स्टेशनवरचा कर्मचारी काढून घेतला होता. स्टेशनला लागून एक किराणा दुकान होतं. त्या दुकानदारीणबाईंनी मांजरं पाळली होती. मांजरांचं खोपट सरकारी जागेत होतं, ते हलवायची वेळ आली. तेव्हा बाईंनी नव्या कंपनीचे अध्यक्ष मित्सुनोबु कोजिमा यांना विनंती केली, की माझ्या मांजरांना स्टेशनात राहू द्या. एक मांजर होती तामा. पांढरी, काळी आणि तांबूस अशी तीन रंगांची. जपानमध्ये अशी मांजर शुभ मानतात. अध्यक्षांनी तिला बघितलं आणि जानेवारी 2007 मध्ये तामाला रीतसर स्टेशनमास्तर नेमलं. तिच्या मापाची टोपी शिवून घेतली. पगार काय, तर मांजराचं खाणं. काम काय, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचं स्वागत.

लोक तिला बघायला लांबून येऊ लागले, पुढे तर परदेशातूनही. एका अभ्यासकानं हिशेब मांडला, की पहिल्याच वर्षात तामामुळे त्या भागात सुमारे 110 कोटी येनची उलाढाल झाली. कंपनीनं डबेही सजवले. एक गाडी स्ट्रॉबेरीची, एक खेळण्यांची, एक तामाच्या चित्रांची. स्ट्रॉबेरी गाडीच्या कामाला लोकांनी देणग्या दिल्या. 2010 साली स्टेशनची नवी इमारत झाली. तिचं छप्पर झाडाच्या सालीचं आहे, जुन्या देवळांसारखं, आणि लांबून बघितलं तर ते मांजराच्या तोंडासारखं दिसतं.

एक गंमत सांगतो. तामाला पुढे बढती मिळाली. तेव्हा सांगितलं गेलं, की या कंपनीत अधिकाराच्या पदावर असलेली ती एकटीच 'महिला' आहे. आम्ही आधी हसलो. मग मनात आलं, एवढ्या कंपनीत बाईमाणसाला खुर्ची मिळाली, ती मांजरीला. यावर काय बोलायचं ते तुम्हीच ठरवा.

तामा 22 जून 2015 रोजी गेली. सोळा वर्षांची होती. तिला निरोप द्यायला सुमारे तीन हजार माणसं आली. स्टेशनात तिचं छोटं देऊळ बांधलं. तिच्यानंतर नितामा नावाची मांजर मास्तरीण झाली. नितामा म्हणजे 'दुसरी तामा'.

आता कोणी म्हणेल, मांजरीनं रेल्वे वाचवली. ऐकायला गोड आहे, पण पूर्ण खरं नाही. तारखा बघा. मंडळ निघालं 2004 साली, नवी कंपनी आली 2006 साली आणि मांजर नेमली 2007 साली. रेल्वे आधी टिकली, म्हणून मांजरीला बसायला स्टेशन मिळालं. तामानं गर्दी आणली, नाव मिळवून दिलं, ते काम मोठंच. पण पाया लोकांनी घातला होता.

आणि काम संपलं असंही नाही. दहा वर्षांची मुदत संपल्यावर 2016 साली पालिकांच्या मदतीचं पुन्हा नव्यानं ठरवावं लागलं. पाहुणे तामाला बघायला एकदा येतात, फोटो काढतात, जातात. रोज सकाळी गाडीत बसतो तो शाळेचा मुलगा, तो बाजाराला निघालेला म्हातारा. गाडी त्यांच्यासाठी आहे आणि चालायची तर त्यांच्याच भरवशावर.

म्हणून पुढच्या बैठकीत एक करू या. आपल्या गावातली कोणती सोय आपण वापरत नाही म्हणून मोडकळीस आली आहे, ते आठवू. एसटीची फेरी असेल, वाचनालय असेल, उपकेंद्र असेल. किती जणी वापरतो, किती जणी वापरू शकतो, हे वहीत लिहू. मागणीचा अर्ज नंतर. आधी नावं आणि आकडे. किशीच्या लोकांनीही सुरुवात तिथूनच केली होती, एका माणसामागे 1000 येन लिहून.