विमानाच्या फलकावरील नावपट्ट्या

अशी कल्पना करा की, प्रयोगशाळेतील दोन बाटल्यांत रंगहीन द्रव आहेत. एकीत ऊर्ध्वपातित पाणी, तर दुसरीत सौम्य सल्फ्युरिक आम्ल. दोन्हींवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या आहेत. ज्याने बाटल्या भरल्या त्याला कोणती कशाची हे ठाऊक असेल. पण तुम्हांला ते कसे कळावे? चिठ्ठी भरणाऱ्यासाठी नसते, ती नंतर येणाऱ्यासाठी असते. प्रयोगशाळेतला हा साधा नियम विमानात जीवन-मरणाचा ठरतो.

विमाने कारखान्यातच तयार होतात असे नाही. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. असे विमान बांधणाऱ्याला सांगाडा आणि इंजिन यांबरोबरच वैमानिकासमोरचा उपकरणफलकही सजवावा लागतो. प्रत्येक बटणाखाली, प्रत्येक दांड्याजवळ नाव लिहावे लागते. काम किरकोळ दिसते, पण तसे ते नाही.

खूण नसलेली मूठ

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांचे विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. ते ‘लाँग-ईझी’ जातीचे, घरी बांधलेले विमान होते. बांधणारा दुसराच कोणी होता. डेन्व्हर यांनी ते नंतर विकत घेतले होते. एका टाकीतून दुसऱ्या टाकीकडे इंधन वळवण्याची मूठ बांधणाऱ्याने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिच्यावर खूण नव्हती. टाकीतले इंधन दाखवणाऱ्या नळ्यांवरही मापे नव्हती. मूठ फिरवण्यासाठी मागे वळताना उजवा पाय नकळत सुकाणूच्या पायट्यावर दाबला गेला आणि विमानावरचा ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. पुरेसे इंधन न भरणे आणि या विमानाचा अपुरा सराव हीही कारणे नोंदली गेली. पण खूण नसलेली मूठ आणि मापे नसलेल्या नळ्या यांचाही त्यांत स्पष्ट उल्लेख आहे.

रंगही बोलतात

सगळ्या खुणा अक्षरांनीच करतात असे नाही. वेगदर्शकाच्या तबकडीवर रंगीत कंस असतात. पांढरा कंस म्हणजे पंखांमागचे फ्लॅप खाली सोडून उडण्याची मर्यादा. हिरवा म्हणजे नेहमीचा वेग. पिवळ्या कंसातला वेग फक्त शांत हवेत चालतो. शेवटची तांबडी रेघ मात्र कधीही ओलांडायची नाही.

हे उपकरण वेग थेट मोजत नाही. समोरून येणाऱ्या हवेचा दाब ते मोजते. हा दाब हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मा असतो. समुद्रसपाटीवर ताशी १०० किलोमीटर वेगाला तो सुमारे ४८ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका भरतो, तर ताशी २०० किलोमीटरला सुमारे १९३ मिलिमीटर. वेग दुप्पट झाला की दाब चौपट!

आता एक गंमत पाहा. कऱ्हाडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंच आहे. तेथे हवा थोडी विरळ असल्यामुळे काटा १०० दाखवत असताना खरा वेग सुमारे १०३ असतो. तीन हजार मीटर उंचीवर तोच ११६ च्या आसपास जातो. मग कंसही प्रत्येक उंचीला बदलावे लागतील का? नाही. पंखांची उचलही त्याच दाबाच्या प्रमाणात असते. म्हणून वजन तेवढेच असेल तर सरळ उड्डाणात ज्या आकड्याखाली उचल ढासळते, तो तबकडीवरचा आकडा सर्व उंचींवर जवळपास तोच राहतो. पण हा आकडा दुसऱ्याच्या विमानावरून उतरवून चालत नाही. बांधणाऱ्याने तो चाचणी-उड्डाणात मोजायचा आणि मगच कंस रंगवायचा. म्हणजे त्या प्रयोगाचा निष्कर्षच तबकडीवर लिहिलेला असतो.

अक्षर केवढे असावे?

निरोगी डोळ्याला वाचता येणारे सर्वांत लहान अक्षर डोळ्याशी सुमारे ५ मिनिटांचा कोन करते (एका अंशाचे ६० मिनिटे). फलक ७० सेंटिमीटरवर असेल, तर त्या अक्षराची उंची जेमतेम १ मिलिमीटर येते. पण विमान थरथरते, उजेड कमी-जास्त होतो आणि वैमानिकाला निरखून पाहायला सवड नसते. म्हणून अक्षर तिप्पट-चौपट, म्हणजे ३ ते ४ मिलिमीटर ठेवलेले बरे.

हे करून पाहा

१. पांढऱ्या कार्डावर १, २ आणि ४ मिलिमीटर उंचीची अक्षरे लिहा. ७० सेंटिमीटरवरून वाचा. मग मित्राला कार्ड हलवत ठेवायला सांगून पुन्हा वाचा.

२. त्याच कार्डावर एक शब्द तांबड्या आणि एक काळ्या शाईने लिहा. अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या काचेवर तांबडा जिलेटिन कागद लावून पाहा. तांबडा शब्द पुसट होऊन जवळजवळ नाहीसा होईल. पांढरा कागद आणि तांबडी शाई दोन्ही तांबडा प्रकाश सारखाच परावर्तित करतात. तांबड्या दिव्याखाली वाचायच्या फलकावर तांबडी अक्षरे का चालत नाहीत, ते आता तुम्हीच सांगा.

३. शाळेच्या प्रयोगशाळेतील विजेचा फलक पाहा. आज प्रथमच आलेल्या मुलाला, ठिणगी उडताच, योग्य बटण एका नजरेत सापडेल का? सापडत नसेल, तर शिक्षकांच्या परवानगीने त्यावर नावपट्ट्या लावा.