घरी व्यायामासाठी केटलबेल घेताय? वजनाआधी मूठ बघा

शिवरे (ता. भोर) : पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना ७.२६० किलोचा, तर मुलींना ४ किलोचा गोळा फेकावा लागतो. नुसतं धावून गोळा लांब जात नाही. त्याला कंबर, पाय आणि पाठीची ताकद लागते. रोज नसरापूर किंवा खेड शिवापूरला जिमसाठी जाणं ज्यांना जमत नाही, त्यांना घरच्या घरी एक केटलबेल पुरते. आपल्या तालमीतल्या मुदगलाची ही रशियन भावकी. तिकडे तिला ‘गिर्या’ म्हणतात, आणि तिचं वजन ‘पूड’ या जुन्या मापात मोजायचे. एक पूड म्हणजे साधारण १६ किलो. म्हणून आजही १६, २४, ३२ हीच वजनं जास्त दिसतात.

घेताना बहुतेक जण फक्त किलो विचारतात. खरी गोम मुठीत आहे. स्पर्धेच्या केटलबेलची मूठ ३३ ते ३५ मिलिमीटर जाड असते. त्याहून फार जाड असेल तर पाठ थकायच्या आधी पंजाच थकतो. मुठीच्या आतून बोट फिरवून बघा. ओतकामाची धार राहिली असेल तर आठ दिवसांत तळहाताची साल निघते. चकचकीत क्रोमची मूठ दिसायला छान, पण घाम आला की निसटते. मूठ आणि गोळा यांच्यात हात सहज आत जाईल एवढी फट हवी, नाहीतर वजन मनगटाच्या हाडावर आदळतं.

प्लास्टिकच्या आवरणात सिमेंट भरलेली स्वस्त केटलबेल टाळलेली बरी. तेवढ्याच वजनाला ती आकाराने मोठी होते आणि आपटली की आतून फुटते. त्याहून धोक्याचं म्हणजे वर्कशॉपमधून जुन्या लोखंडाला गज वेल्ड करून घेणं. नुसतं उचलायला ते चालेल. पण झोका देताना जोड सुटला, तर समोरच्याचं काय होईल याचा विचार करा. मूठ आणि गोळा एकसंध ओतलेलेच घ्या.

तळ सपाट आहे ना, डगमगत नाही ना, हे दुकानातच जमिनीवर ठेवून बघावं. आपल्याकडच्या पावसात उघडं लोखंड लगेच गंजतं, त्यामुळे पावडर कोटिंग असलेली बरी. कोटिंग नसेल तर वापरून झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवायचा.

वजन किती? नवख्या मुलाने १२ किंवा १६ किलो, मुलीने ८ किलोपासून सुरुवात करावी. झोका हाताने नाही, कमरेतून द्यायचा. पाठ सरळ ठेवायची. पाठीचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फरशी वाचवायची असेल तर खाली गोठ्यात घालतात ती रबरी मॅट टाका. आणि कौलारू घरात डोक्यावर उचलण्याआधी वरचं आढं किती उंचावर आहे तेही बघून घ्या.