मेंदूचा हादरा आणि मैदानावर परतण्याचा दाखला



३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे भारत व इंग्लंड यांच्यात वीस षटकांचा सामना झाला. भारताच्या डावाच्या शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू मुंबईच्या शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. तपासणी झाली व तो पुन्हा खेळला. डाव संपल्यावर हादऱ्याची सौम्य लक्षणे दिसली, म्हणून त्याच्या जागी हर्षित राणा आला. त्याने तीन बळी घेतले. मग वाद माजला तो एवढाच, की अष्टपैलू खेळाडूच्या जागी जलद गोलंदाज कसा चालतो? दुबेच्या डोक्याची विचारपूस मला तरी फारशी ऐकू आली नाही.

हादरा म्हणजे काय? डोक्याला धक्का बसला की कवटीच्या आत मेंदू हिसकला जातो व त्याचे काम काही काळ विस्कटते. शुद्ध हरपतेच असे नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, आठवण चुकते. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसेल, पण हादरा दिसत नाही. लक्षणे कधी काही तासांनी उमटतात. मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा तडाखा बसला, तर क्वचित जिवावर बेतते.

अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलमध्ये यासाठी २०११ पासून नियम आहेत. निदान झाले की त्या दिवशी खेळ बंद. विश्रांतीत लक्षणे गेली, की आधी सायकल, मग धावणे, मग धक्का न लागणारा सराव. लक्षण उलटले तर एक पायरी मागे. तरीही २०१५ साली क्ले थॉम्सनच्या डोक्याला गुडघा लागला, तेव्हा त्याच सामन्यात त्याला खेळण्याची मुभा मिळाली होती. त्रास सुरू झाला सामना संपल्यावर.

म्हणजे निदानाचा मोठा आधार रोग्याचे स्वतःचे सांगणे. आणि रोग्याची मिळकत तर त्याच्या गप्प बसण्यावर अवलंबून! हे मला कामगारांत राहून कळले. एका कारखान्यात आमच्या एका सोबत्याच्या डोक्यावर लोखंडी पट्टी पडली. “काही नाही, साहेब,” म्हणून तो यंत्रापाशी परतला, कारण रोजंदारी बुडाली असती. संध्याकाळी त्याला घरची वाट आठवेना. तो खोटारडा नव्हता. त्याला घर चालवायचे होते.

मग परतण्याचा निर्णय कोणी द्यावा? बास्केटबॉलच्या नियमांत संघाच्या डॉक्टरने आधी मेंदूच्या तज्ज्ञाशी विचारविनिमय करावा लागतो. पण अखेरचा शब्द संघाच्याच डॉक्टरचा. तो डॉक्टर कितीही सज्जन असो, त्याचा पगार संघ देतो. दाखला देणारा मालकाचा माणूस नसावा, हे आम्ही कामगार फार पूर्वी शिकलो आहोत.

आपल्या रत्नागिरीच्या वाड्यावाड्यांत कबड्डी चालते. तेथे हेल्मेट नाही, तज्ज्ञ नाही. डोके आपटलेल्या पोराला “ऊठ रे, काय झालं नाही,” म्हणणारे मात्र पुष्कळ. मंडळांनी तीन गोष्टी केल्या तरी पुरे. संशय आला की त्या दिवशी खेळ बंद. परतण्यापूर्वी मंडळाबाहेरच्या डॉक्टरचा होकार. आणि बाहेर बसलेल्याचे मानधन कापायचे नाही. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची समजा. ती झाली, तरच पोरगा खरे सांगेल.