बत्तिसाव्या रात्रीनंतर

पोहण्याच्या भीतीने लपून बसलेला श्याम, त्याला फोकाने झोडपत विहिरीकडे पाठवणारी आई आणि नंतर त्याच्या पाठीवरचे वळ पाहून तिचेच भरून आलेले डोळे. शाळेत ‘श्यामची आई’ वाचलेल्यांना एवढे हमखास आठवते. न्हाऊन निघालेल्या श्यामचे पाय मळू नयेत म्हणून तिने पसरलेले लुगड्याचे ओचेही आठवतात. पाठ्यपुस्तकांतून असे प्रसंग सुटे सुटे भेटले; आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाने त्यांना चेहरे दिले.

चाळिशीत तेच पुस्तक सलग वाचायला घेतले, की वेगळेच काही हाती लागते.

साने गुरुजींनी त्याचा मोठा भाग फेब्रुवारी १९३३मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहिला. पुस्तकात ४२ ‘रात्री’ आहेत. आश्रमातली प्रार्थना आटोपली, की श्याम सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. मुकी फुले, पत्रावळ, मोरी गाय असे करत कोकणातल्या त्या घरात आपण रमतो आणि बत्तिसाव्या रात्री गोष्ट कर्जावर येते. मग उतारच लागतो. सावकाराचा तगादा, तेल असले तर मीठ नसण्याचे दिवस, गावभर झालेली बेअब्रू, आजारपण. मुलांना हा भाग नुसता रडवतो. थकलेल्या हप्त्याचा फोन घेतलेल्या माणसाला मात्र वसुलीवाल्याने केलेला अपमान दारातच झेलणारी ती बाई शेजारच्या घरातली वाटू लागते.

आधीच्या गोष्टीही मग जुन्या राहत नाहीत. ‘अळणी भाजी’चेच पाहा. आई मीठ घालायला विसरते, वडील चकार शब्द न काढता जेवतात. लहानपणी त्यातून दुसऱ्याचे मन जपायचा धडा घेतलेला असतो. आता प्रश्न पडतो, की भाजी अळणी झाल्याचे तिला इतक्या उशिरा का कळले? कारण सरळ आहे: ती सगळ्यांच्या मागून जेवायला बसते.

पंचविसाव्या रात्री मोळी उचलता न येणारी एक दलित म्हातारी भेटते. आई श्यामला तिच्या मदतीला पाठवते आणि परत आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. मुलांच्या मनात तिची माया राहते. मोठ्या वाचकाला ती आंघोळ अडवते. पण तिच्याच मुलाने, म्हणजे साने गुरुजींनी, १९४७मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले, हेही त्याला एव्हाना ठाऊक असते. एका पिढीत कापलेले हे अंतर पुस्तक मुद्दाम दाखवत नाही, पण ते त्यात आहे.

शेवटी श्याम घरी पोचतो, तेव्हा आई गेलेली असते. मागे उरलेली राख तेवढी त्याला दिसते.